तिथीची पाऊणपट

आमच्यात बापाला अरे-तुरे करतात. लिहायला बसलं की मात्र शाळेच्या सवयीने हात आपोआप ‘बाबा म्हणाले’ असं लिहितो. तेव्हा इथे ते ‘म्हणाले’ असतील, पण बोलताना मी त्यांना तूच म्हणते, हे आधीच सांगून टाकते.

मी ब्रिस्टलला शिकायला निघाले त्या दिवशी बाबा विमानतळावर आले नाहीत. सकाळी नऊला त्यांनी खांद्यावर टॉवेल टाकला, दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले, “भरतीचा टायम झाला, उघाडीवर जातो,” आणि चालू लागले. षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. दुपारी साडेचारला भरणारं पाणी, त्यासाठी सकाळी नऊला उघाडीवर काय काम? ते खोटं बोलत होते, आणि ते खोटं आहे हे मला कळतंय हेही त्यांना ठाऊक होतं, कारण हा हिशेब मला त्यांनीच शिकवला होता. गाडीत पनवेल येईपर्यंत मी रागाने रडत होते. आई शेजारी बसून माझ्या मांडीवरची लाडवांची पिशवी सरळ करत राहिली.

उघाडी म्हणजे काय ते सांगते. उरणच्या या अंगाला आमच्या गावाची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक जाड लाकडी दार. ती उघाडी. भरती चढायला लागली की दार पाडायचं, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की दार वर ओढायचं, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. एकदा जरी चूक झाली तरी जमिनीत खार बसते आणि पुढची दोन-तीन वर्षं भात धड येत नाही. बांधाच्या पलीकडे कंटेनर यार्डाच्या क्रेन दिसतात, बऱ्याच गावांच्या जमिनी तिकडे गेल्या, पण आमची ही खाचरं अजून पिकतात. त्यांच्या दाराची राखण आमच्या घराकडे आहे, निदान आजोबांपासून तरी.

पाण्याची वेळ आम्ही तिथीवरून काढतो. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी पूर्ण भरतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतं, तेवढं बांधावर बसून डोळ्यांनी बघायचं. गावातल्या पोरांच्या फोनवर आता भरतीच्या वेळा दिसतात, पण फोन काही दार पाडत नाही, असं बाबा म्हणतात आणि पुढचा विषय काढतात.

मी एकुलती एक. नऊ वर्षांची असताना बाबांनी मला बांधावर बसवून पाऊणपट शिकवली आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं की ही उघाडी हिची. मी स्थापत्य अभियांत्रिकी केली तेव्हा त्यांना वाटलं, बरं झालं, पाण्याचंच शिकते आहे. पुढे किनाऱ्याच्या बांधकामाचं शिकायला परदेशी जायचं ठरलं तेव्हा ते नको म्हणाले नाहीत. ते बोलायचेच थांबले. त्यांचे गुडघे दुखतात. चुलते म्हणायचे, कुणाला तरी हाताशी घे, शिकव. बाबांचं उत्तर ठरलेलं, “ती हाय ना.” आणि ती तर बॅग भरत होती, तीही गणपती दोन आठवड्यांवर आलेले असताना. मी उघाडी वाऱ्यावर सोडून चालले आहे असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

ब्रिस्टलने पहिल्या आठवड्यात माझी बोलती बंद केली. आमच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे बांध. इथे कॉलेजला जायचं तर चढ, दूध आणायचं तर चढ, आणि प्रत्येक चढाच्या माथ्यावर लाल, पिवळ्या, निळ्या, जांभळ्या घरांच्या रांगा. गणपतीच्या आधी आम्ही भिंती रंगवतो तो उत्साह इथे बारा महिने कसा टिकतो, मला कळेना. बसमधून उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो, शाळेतली पोरं म्हणतात, काठी टेकत उतरणाऱ्या आजीसुद्धा. तिसऱ्या दिवशी मीही म्हटलं आणि उगीचच लाजले. शहराबाहेर नदीने डोंगर चिरला आहे आणि त्या चिरेवर, इतक्या उंचावर की खालची माणसं मुंगीएवढी दिसावीत, एक झुलता पूल टांगलेला आहे. मी स्थापत्याची पदवी घेतलेली बाई, असे पूल कसे उभे राहतात ते मी गणित करून दाखवू शकते. त्या पुलावर मात्र कठडा दोन्ही हातांनी धरून उभी होते, आणि हे कुणी केलं असेल, कसं धाडस झालं असेल, एवढंच मनात येत होतं.

पण सगळ्यात चक्रावले ते बंदर बघून. शहराच्या मध्यभागी बंदर आहे, होड्या आहेत, काठावर हॉटेलं आहेत, आणि पाणी हलत नाही. मी एका बाकावर बसून वाट बघितली. तासाभरात होडी वीतभर तरी वर किंवा खाली जायला हवी. ती दगडी काठाला लावलेल्या खुणेपासून बोटभरही सरकली नाही. मला वाटलं माझे डोळे गेले. नंतर कळलं की दोनशे वर्षांपूर्वी या लोकांनी नदीला प्रचंड दारं बसवून शहरातलं पाणी आत कोंडून ठेवलं आहे. भरती-ओहोटी दाराबाहेर. म्हणजे अख्खं शहर एका उघाडीच्या आत वसलेलं. मला हसू आलं आणि लगेच बाबांची आठवण आली.

रोज फोन व्हायचा. आई घ्यायची, जेवण, थंडी, पांघरूण सगळं विचारायची. मागून बाबांचा आवाज यायचा, “बरी हाय ना? बरी.” प्रश्न तेच विचारायचे, उत्तर तेच देऊन मोकळे व्हायचे. मी पुलाचं सांगितलं, रंगीत घरांचं सांगितलं, बसचं सांगितलं. आई ‘अगं बाय’ म्हणायची. बाबा गप्प. साडेतीन आठवडे हे असंच चाललं आणि मला ते सहन होत नव्हतं. भांडले असते तर मी भांडून घेतलं असतं. गप्प माणसाशी काय करायचं?

मग मी माझी अक्कल चालवली. ठरवलं की बाबांना इथलं पाणी दाखवायचं. पूल नको, घरं नकोत, पाणी बघून तरी ते बोलतील. इथली भरती आमच्यापेक्षा दुपटीतिपटीने मोठी असते हे वाचलं होतं. भाद्रपदी पौर्णिमा शनिवारी आली, म्हणजे उधाण. वर्गातल्या दोघी, एक घानाची आणि एक ब्राझीलची, यांना मी ऐटीत सांगितलं की सव्वाअकराला नदी काठोकाठ भरलेली असेल, चला. घानाच्या मैत्रिणीने विचारलं, वेळ कुठे बघितलीस? मी म्हटलं, आमच्याकडे बघावी लागत नाही, आम्हाला माहीत असते. हे वाक्य मला अजून रात्री आठवतं.

आम्ही नदीच्या त्या दारांपाशी, बाहेरच्या अंगाला पोचलो. मी आईला व्हिडिओ कॉल लावला, बाबांना समोर बसवायला सांगितलं, आणि फोन नदीकडे वळवला.

नदी नव्हती. खाली, पाच पुरुष खोल तरी असेल, करड्या चिखलाची दरी होती. दोन्ही बाजूंनी चिखलाचे गुळगुळीत उतार, तळाशी ओढ्याएवढं पाणी, आणि त्यात पाय बुडवून फिरणारे पांढरे पक्षी. एका मैत्रिणीने सँडविचचा डबा परत पिशवीत ठेवला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्या चिखलाकडे बघून वाटलं, दुभंगलेली तर समोरच आहे.

फोनमधून बाबांचा आवाज आला.

“ही खाडी हाय का नाला?”

साडेतीन आठवड्यांनंतरचा हा पहिला खरा प्रश्न. मी म्हटलं, “बाबा, खाडीच हाय. मी पाऊनपट केली.”

“पौर्णिमेची?”

“व्हय. सव्वाअकरा.”

“मंग पानी कुटं गेला?”

दारांवर कामाला असलेला एक म्हातारा माणूस, पिवळं जाकीट घातलेला, आमचा तमाशा बघत होता. त्याने जवळ येऊन सांगितलं की पाणी सकाळी आठलाच भरून गेलं, आता दोनपर्यंत उतरतच राहील. मग त्याने माझ्या मागे बोट दाखवलं. भिंतीवर हातभर लांबीचा फळा होता आणि त्यावर आठवडाभराच्या भरतीच्या वेळा ठळक लिहिलेल्या होत्या. मी त्याच फळ्याला टेकून उभी होते.

बाबांना मी हे सांगितलं. ते हसतील असं वाटलं. ते म्हणाले, “फला नको वाचू. तू सोता बघ. कवा भरते ते रोज बघ आनी मना सांग.” आणि फोन आईकडे न देता त्यांनीच बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून मी दारांपाशी जाऊ लागले. पहिल्यांदा पाणी येताना पाहिलं ते मी विसरणार नाही. तळातला ओढा समुद्राकडे वाहत होता, तो थांबला. थोडा वेळ काहीच घडलं नाही. मग एक फांदी उलट्या दिशेने, शहराकडे, तरंगत निघाली. तिच्यामागे फेस, तिच्यामागे अख्खी नदी. आवाज जवळजवळ नव्हता. चिखलाचा उतार डोळ्यांदेखत कमी होत गेला, मी मोजायला धरलेले दगड एकामागून एक बुडाले, आणि चिखलात आडवी पडलेली एक होडी हळूहळू उठून सरळ झाली. आमच्या खाडीत तीन पुरुष पाणी चढलं तर गाव बांधावर येतो. इथे त्याच्या दुप्पट चढलं आणि काठावरून एक बाई कुत्रा घेऊन फोनवर बोलत निघून गेली. मला तिला थांबवून सांगावंसं वाटलं की बाई, जरा बघा तरी.

पाणी दारांच्या कडेला टेकलं तेव्हा पिवळ्या जाकिटाच्या म्हाताऱ्याने दारं उघडली आणि बाहेरच्या होड्या आत आल्या. घराएवढी दारं, पण काम तेच, बाबांचंच. मी बराच वेळ तोंड उघडं टाकून उभी होते.

रोजची वेळ मी घरी कळवत होते. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. बाबा ऐकायचे, “बरं” म्हणायचे. चतुर्थीला मी सांगितलं, साडेदहाला भरलं.

बाबा म्हणाले, “तुजा घड्याल मांगं किती?”

“साडेचार तास.”

“मंग तुजं साडेधा म्हंजी आपलं किती?”

मी आकडा मनात केला. “तीन.”

“आनी चौथीची पाऊनपट?”

तीन. चाराची पाऊणपट तीन.

“मी आता उघाडीवरनच बोलतो,” बाबा म्हणाले. “हितं पानी भरला हाय. काठाला हाय.”

मी त्या दगडी काठावर बसले. समोर नदी दाराला टेकलेली होती आणि बाबांच्या समोर आमची खाडी बांधाला टेकलेली होती, त्याच घटकेला. मी पाऊणपट इथल्या घड्याळावर लावली होती. पाऊणपटीला इथलं घड्याळ माहीत नव्हतं, तिला बाबांचं माहीत होतं. प्रत्येक किनाऱ्याचं पाणी आपापल्या हिशेबाने चालतं आणि या दोघांचं जुळणं हा निव्वळ योगायोग आहे, हे मी परीक्षेत लिहू शकते, आकृतीसकट. पण चंद्र एकच आहे हे पाठ असणं वेगळं आणि पाय पाण्यावर सोडून बसलेलं असताना ते कळणं वेगळं. इतकं मोठं काहीतरी रोज दोनदा घडतंय, आणि त्याचं एक टोक माझ्या बापाने आकडेमोडीत धरून ठेवलं आहे.

त्यानंतर बाबा बोलायला लागले. पाणी भरायच्या वेळेला मी दारांपाशी आणि ते बांधावर, असा रोज फोन. दार कशाचं आहे, लाकूड की लोखंड, फटीतून झिरपतं का, म्हातारा एकटाच की जोडीला कुणी आहे, चिखलाला वास येतो का. पूल बघितला की नाही हे त्यांनी कधीच विचारलं नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरतीचा जोर सगळ्यात कमी, तेव्हा वेळ तासभर चुकली, तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, “भांगाचा पानी हाय, तो आयकत न्हाय कुनाचा.” मी हसत होते, पण एक गोष्ट मनात टोचत होती. ते जितके बोलायला लागले तितका मला दुसरा प्रश्न विचारायचा धीर होईना. गुडघे कसे आहेत? पुढच्या पावसात दार कोण ओढणार? मी दोन वर्षांनी परत येईन की नाही, मलाच माहीत नव्हतं. हे शहर मला आवडायला लागलं होतं, आणि ते सांगितलं तर ते पुन्हा गप्प होतील अशी भीती होती.

सर्वपित्री अमावास्येला पुन्हा उधाण. त्या दिवशी सकाळी आठच्या आधीच मी दारांवर होते. ऊन कोवळं होतं, नदी तपकिरी आणि फुगलेली, झुलत्या पुलाखालून सरळ माझ्याकडे येत होती. काठावर मी एकटी नव्हते, उधाण बघायला आणखी चार-पाच माणसं आली होती, आणि त्याचं मला बरं वाटलं. आठला पाच कमी असताना फोन वाजला. बाबांनी स्वतः केलेला पहिला फोन.

पडद्यावर बांध दिसला, क्रेन दिसल्या, हिरवंगार भात दिसलं, दाणा भरत आलेलं. बाबा दिसेनात. उघाडीच्या चौकटीवर आई उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, दाराचा दोर हाताला गुंडाळलेला, आणि दार पडलेलं. खारं पाणी बाहेरच्या बाजूने फळ्यांना लागलं होतं. आत थेंब नव्हता.

फोन धरलेल्या बाबांचा आवाज आला. “आज तिनंच पाडलं. टायमावर. गुडघा साथ देत न्हाय बाय, किती दिस तुजी वाट बघू? तू तुजं तितं शिक. हितं हाय आता कोनतरी.”

एवढे दिवस मला हेच ऐकायचं होतं. छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्याच क्षणी इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. उघाडी माझी होती. नऊ वर्षांची असल्यापासून माझी होती. मी ती टाकून आले होते, तरीही दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालणार नव्हता, आईनेसुद्धा नाही. हे मला त्या घटकेपर्यंत माहीत नव्हतं. मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं, “बाबा, पंधरा दिसांत तू तिला पाऊनपट शिकवली?”

पडद्यावर आईने मान वर केली. दोर तिने सोडला नव्हता.

“मना कोन शिकवनार?” ती म्हणाली. “तीस वर्सं भाकर घेऊन येतंय हितं. पानी भरला का तुजा बाबा बसतो, तवा भाकर द्यायची. रोज टायम बदलतो. मना तिथी येत नसती तर येवडी वर्सं तो गरम भाकर कशी खाईल? तुमी दोगांनी कवा इचारलाच न्हाय.”

बाबा खोकले. मी आयुष्यभर त्या बांधावर तिच्या हातची भाकरी खाल्ली होती, आणि ती गरम का असते हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

इकडे म्हाताऱ्याने दारं उघडली. होड्या आत येऊ लागल्या. फोनमध्ये आई खाली वाकून दाराच्या फटीतून कुठे झिरपतंय का ते बोटांनी चाचपत होती.